चार बोटं माती

मातीत बोट खुपसून बघायची मला खोड आहे. आमचं शेत प्रवरेकाठी, श्रीरामपूरकडं. ओल किती आहे ते तिथं लहानपणापासून बोटानंच बघायचं. विहीर खणायला घेतली तर दोन-दोन परस काळी माती निघते, मुरूम लागायचं नाव नाही. प्रवरा उगम पावते ती रतनगडावर. गेल्या सप्टेंबरात तिथं गेलो. नेढ्याखालचा उतार सोनकीनं पिवळाधमक झालेला. लोक फोटो काढत होते. मी उकिडवा बसलो आणि बोट खुपसलं. दुसऱ्या पेराशीच ते कातळावर आपटलं. नख चांगलं दुखावलं.

चिमूटभर माती उपटून हातावर घेतली. तांबूस, निम्मे खडे. आमची माती चोळली की लोण्यागत पसरते, ही करकरते. गंमत म्हणजे दोघींचा बाप एकच, साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा काळा पाषाण. सपाटीला पाऊस बेताचा. पाणी जागीच मुरतं, चुना मातीत राहतो आणि दगडाची काळी चिकणमाती होते. इथं चार महिने आभाळ कोसळतं. चुना, पालाश सगळं धुऊन जातं, मागं लोखंडाचा तांबडेपणा उरतो. मातीसुद्धा उरते ती भेगेत, खळग्यात, गवताच्या बुडख्याशी अडकली तेवढीच.

दगड झिजत नाही असं नाही. वाकून पाहिलं तर त्यावर राखाडी पापुद्रे दिसतात, मसाल्यातल्या दगडफुलाचे भाऊबंद. ते आपल्या आम्लानं दगड कुरतडत बसतात. भेगेत कण साचतो, कणावर शेवाळ धरतं, शेवाळावर गवत. असं बोटभर साचायला शेकडो वर्षं लागतात. वाहून जायला एक आषाढ पुरतो. सोनकीचं त्यात भागतं, तिला पावसाळ्यापुरतंच जगायचं असतं. मला नवल कारवीचं. सात वर्षं उतारावर मुळांनी माती आवळून उभी राहते, एकदाच फुलते आणि मरते.

उतरताना रतनवाडीच्या वरच्या अंगाला एका मामांची वरकस जमीन लागली. वरकस म्हणजे हलक्या धान्याची, डोंगरउताराची. महसुली दप्तरातला हा शब्द मला कायम शिवीसारखा वाटत आलाय. नाचणी कणसाला आली होती. मामा ढासळलेली ताल रचत होते. दगडांच्या त्या बांधामागं चक्क हातभर माती साचलेली.

"एवढी कुठून आली?"

"आली कुठली? बापानं ताल घातली, म्हणून ऱ्हायली."

आमचं शेत खाली नदीकाठी आहे, असं मी सांगितलं. मामा हसले.

"मंग आमचीच माती खाताय की!"

भंडारदऱ्याचं धरण १९२६ साली पुरं झालं, तेव्हापासून इथला गाळ त्या भिंतीशीच अडतो, हे अगदी जिभेवर आलं होतं. पण आमची मळई धरणाच्या कितीतरी आधीची. गिळलं.

"तो दगड द्या इकडं," मामा म्हणाले.

मी दिला.

"ह्यो न्हाई. चपटा बघा."