शनिवारची पाळी

शुक्रवारची दुपार कलली की इस्राएलमधल्या बेर शेवातल्या बस थांबतात, दुकानांची शटरं खाली येतात, आणि शनिवारी रात्री आकाशात तीन तारे दिसेपर्यंत रस्ते मोकळे राहतात. इथं शब्बाथ, म्हणजे आम्हा ज्यूंचा विश्रांतीचा दिवस, पाळायला एकट्यानं धडपडावं लागत नाही, अख्खं शहरच तो पाळतं. मी मात्र रुग्णालयात नर्स आहे. कितीतरी शनिवारी माझी पाळी असते. देवाधर्माचं एवढं करतेस आणि शब्बाथला कामावर कशी जातेस, असं आमची माणसं अजून विचारतात.

आमचे बेने इस्राएल पूर्वज कोकणात तेलाचे घाणे चालवायचे. शनिवारी घाणा बंद, म्हणून गावानं त्यांना 'शनवार तेली' म्हटलं. घाणा स्वतःचा होता, म्हणून तो थांबवता आला. पुढं नोकऱ्या आल्या आणि शनिवार साहेबाच्या हाती गेला. नारायण मेघाजी लोखंडे यांच्या लढ्यामुळं १८९० मध्ये गिरणी कामगारांना रविवारची सुटी मिळाली. खंडोबाचा वार म्हणूनही त्यांनी रविवार मागितला होता. आमचा शनिवार मागणार कोण?

माझे वडील सोलापूर स्टेशनात असिस्टंट स्टेशन मास्तर होते. गाडीला वार नसतो. शुक्रवारी संध्याकाळी आई काचेच्या पेल्यात पाणी, त्यावर खोबरेल घालून वात लावायची. काळ्या मनुका भिजवून, कुस्करून, फडक्यातून गाळून किद्दुशचं, म्हणजे शब्बाथच्या आशीर्वादाचं, सरबत करायची. वडील तेवढ्यापुरते बसले तरी घराला सण वाटायचा. त्यांना जमेल तेवढे शनिवार मिळाले ते त्यांच्या एका लिंगायत सहकाऱ्यामुळं. "मास्तर, शनिवारचं मी बघतो, गड्ड्याला तेवढं तुम्ही सांभाळा," असा दोघांचा करार. संक्रांतीच्या सुमाराला सिद्धेश्वराची गड्डा जत्रा भरली, नंदीध्वज निघाले, की ते काका पांढरी बाराबंदी घालून मिरवणुकीत असायचे आणि वडील त्यांची पाळी धरून स्टेशनात. कुठल्या नियमात हे लिहिलेलं नव्हतं.

इथं इस्राएलमध्ये मात्र कायदा आहे. १९५१ च्या कायद्यानं आठवड्याला सलग किमान ३६ तासांची विश्रांती ठरवून दिली. ज्यूंना ती शनिवारी. इतरांना शुक्रवार, शनिवार की रविवार, ते त्यांनी निवडायचं. पण आजारपण सुटी घेत नाही. आणि धर्मानं याचं उत्तर फार पूर्वी दिलंय: जीव वाचवायचा असेल तिथं शब्बाथ बाजूला ठेवायचा. ती नुसती सवलत नाही, आज्ञा आहे. म्हणून शनिवारी पहाटे कुणाची साखर तपासताना, इन्सुलिन टोचताना, सलाइनचे थेंब जुळवताना माझ्या मनात किंतु नसतो. ज्या कामांवाचून कुणाचं अडत नाही, कपाट लावणं, जुन्या फायली आवरणं, ती मी तारे दिसल्यावर करते. ही रेघ मी स्वतः आखली आणि ती पाळते.

मला बोचतं ते वेगळंच. शब्बाथला निवांत बसलेल्या कितीजणांना ठाऊक असतं की त्यांच्या आईच्या खाटेजवळ त्या वेळी एक अरब मुलगी उभी आहे? माझ्या वॉर्डातली रहात शहरातली बेदुईन मैत्रीण आमच्या योम किप्पुरच्या उपासाला माझी पाळी घेते. ईदला मी तिची घेते. तिच्या घरून येणाऱ्या डब्यातली खजुराची बिस्किटं आम्ही दोघी कामाच्या टेबलाशी उभ्यानं खातो. कायद्यानं मिळालेल्या ३६ तासांपेक्षा ही अदलाबदल मला जास्त पवित्र वाटते, कारण तीत दुसऱ्याचा देव आपण ओळखलेला असतो.

सोलापुरात ज्यांच्या हाती पाळ्यांचा तक्ता असतो, मग ते हॉस्पिटल असो, कारखाना असो की एसटीचा डेपो, त्यांना एवढंच सांगणं आहे: तक्ता भिंतीवर लावण्याआधी कुणाला कुठला दिवस हवाय ते एकदा विचारा. आणि शेजारच्या टेबलावरच्या माणसाचा सण आला की त्यानं मागायच्या आधी त्याची पाळी आपण मागून घ्या.