समोर कुणीतरी बसलेलं हवं

आबिड्स, हैदराबाद
मार्गशीर्ष, शनिवार सकाळ

चि. ताईस,


काल रात्री फोनवर तू सहज बोलून गेलीस आणि झोपलीस, माझी मात्र झोप उडाली. तुझ्या लेकाचे, सोन्याचे, फोनवरचे सगळे गेम काढून टाकले आणि त्या जागी रामरक्षेचं अ‍ॅप घालून दिलं, हे सांगताना तुझा आवाज किती मोकळा झाला होता! 'आई, आता तो आपणहून बसतो. रोज म्हटलं की तारे मिळतात, एक दिवस चुकला की साखळी तुटून शून्यावर येते, म्हणून चुकवतच नाही.' वर विचारलंस, 'तुला आवडलं ना?' मी हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. फोनवर मी शब्द जुळवेपर्यंत तुमच्या ऑफिसचं काहीतरी वाजायला लागतं. म्हणून लिहितेय. शेवटपर्यंत वाच, मधली पानं गाळू नकोस. ती तुझी शाळेपासूनची खोड आहे.

पोरगं रामरक्षा म्हणतंय, त्याला नावं कोण ठेवील? पण परवा जेवून उठल्यावर डोळे मिटत असतानाही 'साखळी तुटेल' म्हणून तो उठून बसला, हेही तूच सांगितलंस, आणि कौतुकानं सांगितलंस. तिथे माझ्या पोटात गोळा आला. नऊ वर्षांच्या मुलाला शून्याची धास्ती लागली आहे ग, आणि तीही रामाच्या नावावर.

तू रामरक्षा कशी शिकलीस, आठवतं? आजी पोळ्या लाटता लाटता म्हणायची. रामरक्षेत एकेका अवयवाचं रक्षण मागितलेलं आहे ना, मग डोळ्यांचं नाव आलं की तुझ्या पापणीला, कानांचं आलं की कानाच्या पाळीला ती पिठाचं बोट टेकवायची. गळा, खांदे, गुडघे, सगळीकडे पीठ. तू गुदगुल्या झाल्या की पळायचीस, ती थांबायची, तू परत येऊन बसलीस की जिथे सोडलं तिथून पुढे म्हणायची. कधी निम्म्यावरच राहायची, कारण तुला खालून हाक यायची. कुणी शून्यावर नेऊन ठेवलं नाही. आणि आज तुला ती पाठ आहे की नाही? मागच्या वर्षी बाबांना ऑपरेशनला आत नेलं तेव्हा तू बाकावर बसून ओठ हलवत होतीस, मी पाहिलं होतं.

आता तू म्हणशील, आई, जपमाळेलाही मणी असतातच, आजी एकशेआठ मोजायचीच. समर्थांनी टाकळीला तेरा कोटी जप केला, तोही कुणीतरी मोजलाच असणार. बरोबर आहे. मोजायला माझी हरकत नाही. पण माळ ओढताना मेरुमणी आला की तो ओलांडायचा नाही, माळ उलटी फिरवायची आणि पहिल्यापासून सुरू करायचं, हे आजीनं तुलाही दाखवलंय. जमा काही होत नाही. कुणापुढे मिरवायला उरत नाही. तुझ्या त्या अ‍ॅपमध्ये मात्र सोन्याला वर्गातल्या मुलाचे तारे दिसतात आणि तो मुलगा पुढे गेला की ह्याचं तोंड उतरतं. देवाच्या नावात हे कशाला हवं?

खरं सांगू का, गेम काढून टाकलेस हेही मला पटलेलं नाही. तुला वाटेल, आई उलटंच बोलते. त्या विशिष्ट गेमचं दुःख मला नाही. पण खेळ वाईट आणि स्तोत्र चांगलं अशी वाटणी करून तू मोकळी झालीस, आणि दोन्ही वेळा मुलगा एकटाच काचेसमोर बसला, हे तुझ्या ध्यानात आलं नाही. माझं म्हणणं इतकंच आहे की समोर कुणीतरी बसलेलं हवं. खेळालाही हवं आणि रामरक्षेलाही हवं.

दिवाळीत त्याच्याशी बुद्धिबळाचा पट मांडला होता, तेव्हा तू बाबांबरोबर बेगमबाजारात गेली होतीस. पट तोच आपला, काळ्या हत्तीच्या जागी शिलाई मशीनचं रीळ असलेला. पोरगं तरबेज आहे, घोडा असा काही उडवतो की मी बघत राहते. पण माझ्या उंटानं त्याचा वजीर घेतला तेव्हा त्यानं शांतपणे वजीर उचलून मागच्या घरात ठेवला आणि म्हणाला, 'आजी, अनडू.' लबाडी नव्हती ग त्यात. त्याला खरंच वाटत होतं की खेळात तशी सोय असते. मी म्हटलं, नाही रे राजा, गेलेला वजीर गेला. त्याचा चेहरा असा झाला की मीच विरघळायच्या बेतात होते. विरघळले नाही. तो रीळ घट्ट मुठीत धरून बराच वेळ गप्प बसला, मग दोन प्यादी पुढे सरकवली आणि वजिराशिवाय खेळत राहिला. हरला. हरल्यावर माझ्या मांडीवर डोकं ठेवून विचारलं, 'तू लहानपणी कुणाकडून हरायचीस?' हा प्रश्न कुठला फोन त्याच्याकडून काढून घेणार होता?

मी हरायचे तुझ्या आजोबांकडून. १९८१ साली आशियाई महिला बुद्धिबळ स्पर्धा आपल्या हैदराबादेत झाली आणि मुंबईची रोहिणी खाडिलकर एकही डाव न हरता पहिली आशियाई विजेती झाली. माझ्याच वयाची मुलगी. वासंती, जयश्री आणि रोहिणी, तिघी बहिणी राष्ट्रीय विजेत्या, त्यांच्या नावांची आम्हा मराठी मुलींना जांबागेतल्या विवेकवर्धिनीत केवढी अपूर्वाई! आजोबांनी कात्रणं कापून कपाटाला आतून चिकटवली, अजून आहेत. त्या हिवाळ्यात ते ऑफिसातून आले की चहाआधी पट. मला त्यांनी एकदाही मुद्दाम जिंकू दिलं नाही. जिंकले तेव्हा मात्र खाली जाऊन ताजमहाल हॉटेलातून इडल्या बांधून आणल्या.

मी फोनच्या वाईटावर आहे असं समजू नकोस. २०२५च्या जुलैत बाटुमीला महिला विश्वचषकाची अंतिम लढत झाली, ती मी फोनवरच पाहिली. एका बाजूला आपल्या नागपूरची एकोणीस वर्षांची दिव्या देशमुख, दुसऱ्या बाजूला आंध्रची कोनेरू हंपी, दिव्याच्या दुप्पट वयाची. समोरच्या फ्लॅटमधल्या अम्मा माझ्या सोफ्यावर, त्या हंपीसाठी हात जोडून, मी दिव्यासाठी. पहिले दोन डाव बरोबरीत सुटले, मग २८ तारखेला जलद डाव. जगदीश मार्केटमधल्या पोरानं नवी काच बसवून दिलेला तो फोन आम्ही पाण्याच्या तांब्याला टेकवून ठेवला होता. दिव्या जिंकली, रडली, आईच्या गळ्यात पडली. पण मी बघत होते हंपीकडे. पंधराव्या वर्षी ग्रँडमास्टर झालेली बाई, आणि पोरवयाच्या मुलीकडून हरल्यावर हात मिळवून उठली. अम्मांनी डोळे पुसले आणि संध्याकाळी पुलिहोरा करून आणला. ही आजकालची मुलं कॉम्प्युटरवर शिकतात हे मलाही कळतं, पण शेवटी त्या दोघींना एका टेबलाशी समोरासमोर बसावंच लागलं.

आपल्या संतांनाही हे ठाऊक होतं. तुकोबांनी विटीदांडू, चेंडूफळी, हुतूतू, फुगडी ह्यांवर अभंग केले. ह्यातला एकतरी खेळ एकट्यानं खेळता येतो का सांग. मोक्षपटाचंही तसंच. ज्ञानदेवांनी धाकट्या सोपान-मुक्ताईला रमवायला तो काढला अशी कथा आपल्यात सांगतात. कथा म्हणूनच घे, पण काय सुंदर कथा आहे! आईबाप गेलेली मुलं, गावानं वाळीत टाकलेली, आणि थोरला भाऊ धाकट्यांसाठी जमिनीवर पट मांडतो. कवड्या टाकायच्या, दान पडेल तसं चालायचं. सापांना नावं काम, क्रोध, लोभ अशी, शिड्यांना दया, भक्ती अशी, आणि सगळ्यात वर मोक्ष. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीला हा खेळ विलायतेत गेला, तिथे हळूहळू नावं गळाली, नुसते साप आणि नुसत्या शिड्या उरल्या. तीच सापशिडी आपण दुकानातून विकत आणतो. मी सोन्यासाठी एक पट काढायला घेतलाय, कालनिर्णयच्या पाठीवर. घरं आखून झाली. सापांची नावं रिकामी ठेवते, ती त्यालाच घालू दे. मात्र तू त्याच्यासमोर बसायचं. कुकर लावून मधेच उठायचं नाही.

तू एकटी कुठेकुठे पुरणार, हे मला दिसतं. म्हणून तर विचारते, जावईबापू का बसत नाहीत त्याच्याबरोबर?

हे लिहू की नको असं पहाटेपासून चाललंय. काल तू बोलता बोलता म्हणालीस, 'हे रात्री हॉलमध्येच असतात ग, त्यांचं त्यांचं काहीतरी चालतं.' दिवाळीत इथेही ते गच्चीवर फोन घेऊन फिरत होते, आणि मी कपडे काढायला गेले तर फोन पालथा केला. पाडव्याला तू काही घेतलं नाहीस. मी विचारलं तर 'या वर्षी नको म्हटलं' म्हणालीस. महिनाअखेरीला बाबांकडून पैसे मागितलेस ते कशासाठी, हे मी विचारलं नव्हतं. आता विचारते. जावईबापू पैसे लावून खेळतात का?

रागावू नकोस. काकांचं तुला सांगायला नको. पत्त्यांपायी गेलेलं निजामाबादचं घर, काकूंच्या पाटल्या, आणि ती रात्र. आपल्यात कुणी ते काढत नाही, पण म्हणून मला दिसायचं थांबत नाही. काकाही 'हे काही नशिबावर नाही, डोकं लागतं' असंच म्हणायचे. त्यावर तुझे आजोबा काय सांगायचे? सिकंदराबादच्या एका क्लबवर १९६३ साली रमी खेळताना धाड पडली, खटला सुप्रीम कोर्टात गेला. १९६७ साली कोर्ट म्हणालं, रमी हा निव्वळ नशिबाचा खेळ नव्हे, पडलेली पानं ध्यानात ठेवावी लागतात, कुठलं धरायचं कुठलं टाकायचं याला कसब लागतं. फोनवरच्या रमीवाल्यांनी पुढे वर्षानुवर्षं हाच निकाल दाखवला. पण त्याच निकालात पुढे असंही होतं की क्लबचा मालक पैशाच्या खेळातून नफा काढत असेल तर तो गुन्हा ठरू शकतो. आजोबा वकिलाकडे कारकून, हा भाग बोट वर करून सांगायचे. फोनवर समोर कोण बसतं, सांग ना? नाव खरं की खोटं माहीत नाही, चेहरा नाही. नक्की असतो तो एकटा मालक, आणि प्रत्येक डावात त्याचा वाटा. पत्त्यांच्या अड्ड्यावर निदान काकांचे हात थरथरताना बघून एकदा तरी कुणी म्हणालं होतं, जा आता घरी.

तेलंगणानं २०१७ सालीच हे पैशाचे ऑनलाइन खेळ बंद केले. तुमच्याकडे राजरोस चालू होते. २०२५च्या ऑगस्टमध्ये संसदेनं देशभर बंदीचा कायदा केला, मोठ्या कंपन्यांनी खेळ थांबवले. पण जुगाराला चोरवाटा असतात, आणि आधी गेलेलं भरून काढायची हाव त्या वाटेनं नेते. एक ध्यानात ठेव, तो कायदा खेळ चालवणाऱ्यांना आणि जाहिराती करणाऱ्यांना धरतो, खेळणाऱ्याला गुन्हेगार मानत नाही. तेव्हा बोलायची भीती नको. सरकारचा १४४१६ हा टेलिमानसचा नंबर आहे, फुकट आहे, मराठीत बोलता येतं. आधी तू एकटीनं लावून बघ. जावईबापूंना लगेच पुढे करू नकोस, पुरुषमाणूस बिथरतो. आणि बँकेचं पुस्तक किंवा जे काय तुम्ही फोनवर बघता ते एकदा स्वतः नीट बघ, मागच्या दिवाळीपासूनचं. दागिन्यांच्या लॉकरची किल्ली तुझ्याजवळ ठेव.

माझा संशय खोटा निघो. खोटा निघाला तर मला हवं तेवढं बोल, मी ऐकून घेईन. जावयांबद्दल माझ्या मनात काही वाकडं नाही, बाबांच्या आजारपणात त्यांनी केलं ते मी विसरलेले नाही. म्हणूनच जास्त काळजी वाटते. बरी माणसंच ह्यात लाजेनं गप्प बसतात.

सोन्याला नाताळच्या सुट्टीत इकडे पाठव. रविवारी फुटपाथवरच्या पुस्तकांत घेऊन जाईन, काळा हत्ती मिळतो का तेही बघू. रामरक्षा मी म्हणून घेईन, पोळ्या लाटता लाटता. अ‍ॅप तोवर काढू नकोस, एकदम काढलंस तर त्याला वाटेल आपलं काही चुकलं. हळूहळू तू बरोबर म्हणायला लाग, तारे आपोआप मागे पडतील.

बाबांना ह्यातलं काही बोललेले नाही, त्यांचं प्रेशर तुला माहीत आहे. फोन दुपारी तीनच्या सुमाराला कर, ते झोपलेले असतात. मेसेज नको, ते माझा फोन उघडून वाचतात. आणि तू बाहेर जाऊन कर, घरातून नको.

तुझी,
आई