फिल्म पाहा, मूलही पाहा

व्हॅन डर नॅप आजाराचा एमआरआय पहिल्यांदा पाहणाऱ्याला वाटतं, हे मूल अंथरुणाला खिळलेलं असणार. टी-टू चित्रांत दोन्ही गोलार्धांचं श्वेतद्रव्य पांढरंशुभ्र आणि सुजलेलं, मेंदूच्या वळ्या रुंदावलेल्या, मधल्या खाचा बुजलेल्या. आणि ज्याच्या मेंदूचं हे चित्र, तो पाच वर्षांचा मुलगा बाहेर बाकावर आईचा मोबाइल मागत हट्ट करत असतो. डोकं मोठं, चाल जराशी डगमगती, बोलणं मात्र खणखणीत.

म्हणून रेडिओलॉजीच्या नव्या रेसिडेंटना मी सांगते, रिपोर्ट लिहायच्या आधी बाहेर जाऊन मूल बघून या. मार्यो व्हॅन डर नॅप यांनी १९९५ मध्ये आठ मुलांवर लेख लिहिला, तेव्हा चित्राच्या मानाने आजार सौम्य असल्याचं त्यांनी शीर्षकातच नोंदवलं होतं. आपल्या मुंबईत डॉ. भीम सिंघल आणि सहकाऱ्यांनी त्याआधीच, १९९१ मध्ये, अशा मुलांची माहिती मांडली होती. भारतातली बरीचशी मुलं अगरवाल कुटुंबांतली. तिथे गोत्र टाळतात, पण लग्नं समाजातच होतात. एखाद्या जुन्या पूर्वजाकडून आलेला एकच जनुकदोष मग दोन्हीकडून मुलापर्यंत पोचतो.

माझा कर्सर रेंगाळतो तो टेम्पोरल लोबच्या पुढच्या टोकाशी. फ्लेअर चित्रांत मोकळं पाणी काळं दिसतं, पाणावलेलं श्वेतद्रव्य पांढरं राहतं. त्या पांढऱ्यात दोन्ही बाजूंना काळ्या पोकळ्या दिसल्या, आतला रंग मेंदूभोवतीच्या द्रवाशी तंतोतंत जुळला, की कॅनव्हान या श्वेतद्रव्याच्या दुसऱ्या आजाराची शक्यता मागे पडते. स्पेक्ट्रोस्कोपीत एनएए हे रसायन वाढलेलं नसेल तर उरलीसुरली शंकाही जाते. अलेक्झांडर आजारात कॉन्ट्रास्टनंतर काही भाग उजळतात, इथे तसं होत नाही. कॉर्पस कॅलोसमही बऱ्यापैकी शाबूत असतो.

या आजारामागचं एमएलसी-१ हे जनुक २००१ मध्ये सापडलं. ते बिघडलं की मेंदूतल्या अ‍ॅस्ट्रोसाइट पेशींना पाण्याचा आणि क्षारांचा तोल सांभाळता येत नाही, आणि मायेलिनच्या थरांत पाणी साचतं. मायेलिन साफ नष्ट झालेलं नसतं; मूल चालतं-बोलतं ते त्यामुळेच, असं मी मानते. पुढे चालणं बिघडत जातं, फिट्स येतात, हे खरं आहे आणि तेही सांगावंच लागतं. पण नुसतं ‘ल्युकोडिस्ट्रॉफी’ हे ढोबळ नाव लिहून सोडलेला कागद घेऊन पालक येतात, त्यावरून इंटरनेटवर भलतंच वाचून खचलेले असतात, तेव्हा मला संताप येतो.

माझ्या रिपोर्टात आजाराचं नाव असतं, आणि डोक्याला मार लागू देऊ नका हेही असतं. साध्या पडण्यानेही या मुलांची तब्येत एकदम ढासळू शकते. आई पुन्हा गरोदर असेल तर मी बालरोगतज्ज्ञांना लगेच फोन करते. आईवडील दोघेही वाहक असले तर प्रत्येक खेपेला धोका २५ टक्के असतो. गर्भाची तपासणी ११व्या आठवड्यापासून करता येते, पण त्यासाठी मोठ्या मुलातला नेमका दोष आधी कळलेला हवा. तेव्हा त्याचं रक्त आजच पाठवा.