सनस मैदानाचे फेरे

फजरची नमाज पढून स्वारगेटला येते, तेव्हा एसटी स्टँडवर चहाचे स्टोव्ह पेटलेले असतात. तिथून सनस मैदान जवळच. पुण्याची आंतरराष्ट्रीय मॅरेथॉन १९८३ साली सुरू झाली, तेव्हा मी जेमतेम चालायला शिकले होते. यंदा हाफसाठी नाव दिलंय. म्हणजे २१ किलोमीटर आणि वर ९७.५ मीटर!

शुगर काठावर आली, म्हणून हे सगळं. अम्मी म्हणाली, "दोन लेकरांची आई, रस्त्यावर पळणार?" अब्बा काहीच बोलले नाहीत.

पहिला महिना रोज जीव तोडून धावले. नडगी इतकी दुखली की जिना उतरवेना. मग शब्द शिकले. पेस म्हणजे एका किलोमीटरला लागणारी मिनिटं, माझी ८. इझी रन म्हणजे गप्पा मारत जमेल असं धावणं, आणि आठवड्यातलं बहुतेक धावणं तसंच हवं. लाँग रन रविवारी, अंतर हळूहळू वाढवत. टेपर म्हणजे स्पर्धेआधीचे एक-दोन आठवडे धावणं कमी करणं. मला तेच सर्वांत अवघड जाणार.

अब्बा एसटीचे निवृत्त ड्रायव्हर. ऐकून हसले. "कात्रजच्या घाटात गाडी रेटायची नसते, बेटा. खालच्या गिअरमध्ये चालू द्यायची."

गेल्या रविवारी १६ किलोमीटर झाले. अब्बा फाटकाशी पाणी आणि खजुरांचा डबा घेऊन उभे होते. खजुरांच्या बिया अम्मीनं आधीच काढून ठेवल्या होत्या.