हॅलिबट : हात दुखवणारा पाहुणा

अलास्कातलं होमर स्वतःला 'हॅलिबट फिशिंगची राजधानी' म्हणवतं. सकाळी चार्टर बोट सुटते, काचेमॅक बे मागे पडतो. मग हेरिंग लावलेला गळ जड शिशासकट थेट तळाशी! हॅलिबट तिथेच चपटा पडून असतो, दोन्ही डोळे एकाच अंगाला. लागला की वाटतं, विहिरीतून भरलेली कळशी शेंदतोय आणि कळशीच उलटी ओढतेय. दंड भरून येतात, बॉस!

खरा पेच पुढे. पंचेचाळीस किलोंचं धूड वर आलं, तर ती बहुधा मादीच, लाखो अंडी घालणारी. किती आणि केवढे मासे न्यायचे, हे नियमांत असतं; पण परवानगी असली तरी काही कॅप्टन मोठीला सोडायला सुचवतात. तेव्हा फोटो ती पाण्यात असतानाच काढा. डिनरला आठ-दहा किलोंचा पुरतो, आणि चवीलाही तोच सरस!