पेवातली ज्वारी आणि पौषातला हुरडा

मादन हिप्परगा हे आमचे गाव कलबुर्गी जिल्ह्याच्या आळंद तालुक्यात आहे. घरात मराठी, बाजारात कानडी आणि जमिनींच्या जुन्या दस्तऐवजांत उर्दू, अशा त्रिवेणीत आम्ही वाढलो. व्यवसायाने आम्ही वकील. वकिलास निवृत्तीचे वय नाही आणि निवृत्तिवेतनही नाही. सरकारी नोकरास ठरल्या दिवशी हार घालून, नारळ देऊन घरी पाठवितात. वकिलाचा काळा कोट मात्र बहुधा त्याची प्रकृतीच उतरविते. ही गोष्ट ध्यानी येऊन २०१४ साली, वयाच्या छत्तिसाव्या वर्षी, आम्ही एक वही घातली आणि तिच्या पहिल्या पानावर 'श्री' काढून खाली लिहिले : 'पन्नासाव्या वर्षी निवृत्ती.' पन्नाशी आता अगदी वेशीपाशी येऊन ठेपली आहे. अशा वेळी त्या वहीचा जमाखर्च वाचकांपुढे मांडावा असे वाटते. कारण आमची खात्री आहे की, अशी वही आज अनेक घरांत आहे.

वहीतील मूळ गणित आमचे नव्हते. विल्यम बेंगन नावाच्या एका अमेरिकन अर्थसल्लागाराने १९९४ साली एक हिशेब मांडला. निवृत्तीच्या पहिल्या वर्षी आपल्या पुंजीच्या चार टक्के रक्कम काढावी आणि पुढे महागाईच्या मानाने ती वाढवीत न्यावी. असे केल्यास पुंजी तीस वर्षे पुरते, असा त्याचा निष्कर्ष. चार टक्के म्हणजे पंचविसावा हिस्सा. तेव्हा वर्षाच्या खर्चाच्या पंचवीस पट रक्कम साठली की मनुष्य मोकळा! आमच्या घरचा खर्च महिना ४०,००० रुपये धरला, तर वर्षाचे झाले ४,८०,००० आणि त्याची पंचवीस पट १ कोटी २० लक्ष. हा आकडा आम्ही लाल शाईने लिहून ठेवला. लाल शाईने लिहिलेल्या आकड्यात काही निराळेच सामर्थ्य असते. तो रात्री स्वप्नातही दिसू लागतो.

परंतु आकडा एका जागी उभा राहीना. बेंगनचा हिशेब अमेरिकेतील रोख्यांचा आणि शेअरांचा, तोही तीस वर्षांचा. पन्नाशीत घरी बसणाऱ्यास देवाने नव्वदीचे आयुष्य दिले तर शेवटची दहा वर्षे हिशेबाबाहेर राहतात. महागाई सहा टक्के धरली, तर बारा वर्षांत खर्च दुप्पट होतो. दुसऱ्या बाजूस व्याजाची गत पाहा. १९६८ साली सुरू झालेली सार्वजनिक भविष्य निर्वाह निधीची योजना मध्यमवर्गीयांची कामधेनू. १९८६ पासून जानेवारी २००० पर्यंत ती बारा टक्के दूध देत होती. एप्रिल २०२० मध्ये ते ७.१ टक्क्यांवर आले. एकीकडे खर्च वर चढे, दुसरीकडे व्याज खाली उतरे, आणि आमची १ कोटी २० लक्षांची लाल रेघ क्षितिजासारखी पुढे पुढे सरके. तिला गाठण्याचा एकच उपाय आमच्या हाती होता, तो म्हणजे आज आणखी थोडे कमी जगणे.

ते आम्ही मोठ्या निष्ठेने केले. दिवाळी अंक पाचांचे एक झाले. मुलांची उन्हाळ्यातील कोकणची सहल 'पुढल्या वर्षी' गेली आणि तिथेच राहिली. मार्गशीर्षातील वेळ अमावास्या, जिला आम्ही येळवस म्हणतो, त्या दिवशी आमच्या भागात गावेच्या गावे ओस पडतात. सारी माणसे शेतात असतात. कडब्याची कोप उभारतात, चुन्याने रंगविलेले पाच दगड पांडव म्हणून मांडतात, भज्जी, उंडे, आंबील यांचा नैवेद्य होतो, शेतात चर शिंपतात, आणि ओळखीचा, अनोळखी, जो बांधावरून जाईल त्याला हाताला धरून जेवावयास बसवितात. त्या दिवशीही आम्ही कलबुर्गीस कामाची तारीख घेत असू. उच्च न्यायालयाचे खंडपीठ तेथे २०१३ पासून कायमचे झाले. कामाला तोटा नव्हता. एक दिवस म्हणजे एक फी, आणि एक फी म्हणजे निवृत्ती तितकी जवळ, असे आमचे त्रैराशिक!

आणि २०१५ साली आईने काशीची गोष्ट काढली. ती म्हणाली, "अरे, मला काही दागिना नको, पातळ नको. एकदा गंगेत बुडी मारून येते. तुम्ही सगळे बरोबर असला म्हणजे झालं." त्या वेळी तिचे वय बासष्ट होते, ती रोज विहिरीच्या पायऱ्या चढत उतरत होती. आम्ही म्हणालो, "आई, घाई कसली? पन्नाशीनंतर मी मोकळाच आहे. महिनाभर काशीवास करू." ती काही बोलली नाही. अशिलाने मुदत मागावी आणि न्यायाधीशांनी मुकाट्याने द्यावी, तसे ते झाले.

येथे कोणी असा ग्रह करून घेऊ नये की, आम्ही बचतीच्या विरुद्ध वकीलपत्र घेतले आहे. आमच्या मुलखात बचतीची थट्टा करण्याचा अधिकार कोणासच नाही. हा पावसाच्या लहरीवर जगणारा प्रदेश. १९७२ च्या दुष्काळाच्या आठवणी घराघरांत अद्याप आहेत. शेजारपाजारच्या वाड्यांत जमिनीखाली पेवे असत. कानडीत त्यास हगेव म्हणतात. सुगीची ज्वारी पेवात ओतून, वर माती लिंपून तोंड बंद केले की ती वर्षानुवर्षे टिके, आणि अवर्षणाच्या साली गाव तीवर जगे. आमच्या परिचयातील एक ज्येष्ठ वकील उत्तम कमवीत आणि त्याहून उत्तम खर्चीत. त्यांच्या पंगतीला आम्ही कितीदा बसलो आहो. पुढे दुखणे आले, तेव्हा औषधासाठी आम्हां सर्वांस वर्गणी गोळा करावी लागली. घेणाऱ्या त्या वृद्धाची खाली गेलेली नजर आम्ही विसरू शकत नाही. कर्ज काढून तूप पिण्याचा चार्वाकी उपदेश तूप संपेपर्यंतच गोड असतो.

परंतु त्याच पेवाची दुसरी बाजूही गावकऱ्यांस ठाऊक असते. बंद पेवात विषारी हवा साचते. ते उघडल्याबरोबर कोणी आत उतरत नाही. उघडे टाकून, हवा खेळू देऊन मगच माणूस उतरवितात. घाईने उतरलेली माणसे गुदमरून मेल्याच्या हकीकती आम्ही लहानपणी ऐकल्या आहेत. शिवाय पेवात जाते ती ज्वारी, हुरडा नव्हे. पीक एकच, ताटही तेच. पण पौषात कणीस कोवळे असते, तेव्हाच आगटीवर भाजून, हातावर चोळून ते खावयाचे. चार आठवडे गेले की दाणा निबर होतो. मग तुमच्यापाशी शंभर पोती ज्वारी असो, तिचा हुरडा करता येत नाही.

वकील असूनही एवढी साधी गोष्ट आम्हांस पंचेचाळिशी उलटेपर्यंत कळली नाही. १९६३ च्या मुदत कायद्यावर आम्ही कोर्टात तासन् तास बोललो असू. उसन्या पैशांचा दावा तीन वर्षांत लावावा लागतो. मुदत टळली तर कोर्टाचे दार बंद होते, परंतु मूळ देणे मरत नाही. ऋणको प्रामाणिक असला तर ते पुढेही फेडू शकतो. स्थावराचे तसे नाही. दुसरा मनुष्य तुमच्या जमिनीवर तुमच्याविरुद्ध मालकी सांगत बसला आणि तुम्ही बारा वर्षे स्वस्थ राहिलात, तर त्या कायद्याच्या सत्ताविसाव्या कलमाने तुमचा हक्कच नष्ट होतो. संसारातील सुखेही अशीच दोन प्रकारची आहेत. काही सुखे उशिरा वसूल होतात, पण होतात : नवे घर, मोठी गाडी, पुस्तकांनी भरलेली खोली. काहींचा मात्र हक्कच बुडतो. मुलाचे बोट धरून जत्रेत फिरणे, आईवडिलांना चालते-बोलते असताना तीर्थास नेणे, मित्राच्या शेतावर हुरडा खाणे, ही सर्व दुसऱ्या प्रकारची. आम्ही सर्वांना एकाच वहीत, एकाच रकान्यात लिहीत होतो, हीच आमची चूक.

आमच्या आजीनेही असाच एक डबा राखला होता. १९४८ पूर्वी आमचा मुलूख निजामाच्या राज्यात होता, आणि चलन होते हाली सिक्का. सात हाली म्हणजे सहा कलदार. आजीने हाली नोटा गाठीला मारून 'अडीअडचणीला' म्हणून ठेवल्या. राज्य गेले, पुढे १९५० च्या दशकात ते चलनही गेले. नोटा डब्यात तशाच राहिल्या. अडचणी तर अनेक आल्या होत्या, परंतु प्रत्येक अडचणीस आजी म्हणे, "याहून मोठी आली तर?" आम्ही लहानपणी त्या नोटांनी व्यापार व्यापार खेळलो. भर्तृहरीने धनाच्या तीन गती सांगितल्या आहेत, दान, भोग आणि नाश; त्यांतील तिसरीचा पुरावा आमच्याच घरात होता.

याउलट आमच्या कोंकणी वाचकांस परिचित असलेले एक उदाहरण आम्हांस फार मोलाचे वाटते. मंगळूरचे अम्मेंबळ सुब्बराव पै हेही वकीलच. काटकसरीचा प्रसार करणारा त्यांच्याइतका कर्ता पुरुष विरळा. १९०६ साली त्यांनी कॅनरा हिंदू परमनंट फंड काढला. तोच पुढे कॅनरा बँक झाला. त्याच भूमीत १९२८ साली उडुपीच्या सिंडिकेटने दोन आण्यांपासून दारोदार जाऊन रोजची ठेव गोळा करणारी पिग्मी योजना काढली, आणि आज आमच्या सीमाभागातील पानपट्टीवालाही पिग्मी भरतो. परंतु पै यांच्या चरित्रातील क्रम लक्षात घ्यावा. फंडाआधी पंधरा वर्षे, १८९१ साली, त्यांनी कॅनरा हायस्कूल काढले. १८९४ साली मुलींची शाळा काढली. 'आधी वकिलीतून पुरेसे साठवू, निवृत्त होऊ, मग शाळेचे पाहू' असे ते म्हणाले नाहीत. १९०९ साली, साठी गाठण्यापूर्वीच, ते गेले. मुदत मागत बसले असते तर मुली शाळेत कधी गेल्या असत्या? बचतीचा पुरस्कर्ता असलेला हा पुरुष जे टिकत नाही ते वेळेवर करीत होता, आणि जे टिकते ते साठवीत होता. दोहोंत विरोध त्याला दिसला नाही.

आमचे शास्त्रकारही या बाबतीत आम्हांहून शहाणे होते. गृहस्थाने वानप्रस्थ केव्हा घ्यावा, हे सांगताना मनूने पुंजीचा आकडा सांगितला नाही. अंगावर सुरकुत्या दिसू लागल्या, केस पांढरे झाले, नातू पाहिला, की निघावे, असे सांगितले. म्हणजे निवृत्तीची खूण तिजोरीत पाहावयाची नसून आरशात आणि पाळण्यात पाहावयाची.

गेल्या वर्षी एक ठेव मुदत भरून हाती आली. आम्ही मोठ्या उत्साहाने आईस म्हणालो, "आई, पन्नाशीची वाट कशाला पाहायची? या हिवाळ्यात काशीस जाऊ." ती कपाशीच्या वाती वळीत बसली होती. वात पुरी करून म्हणाली, "पैसा आला खरा, पण गुडघे गेले की रे. घाटाच्या पायऱ्या कोण उतरणार?" तिच्या बोलण्यात तक्रार नव्हती. तक्रार असती तर आम्हांस कैफियत देता आली असती.

त्या रात्री आम्ही वही पुन्हा उघडली. लाल आकडा खोडला नाही. तो खोडण्याइतके आम्ही श्रीमंत नाही आणि बेफिकीरही नाही. दुखण्याखुपण्याची बेगमी आणि वर्षभराचा घरखर्च यांस हात लावावयाचा नाही, हे प्रथम लिहिले. त्याखाली दोन रकाने पाडले : 'पेव' आणि 'हुरडा'. दर वर्षीच्या मिळकतीतील ठराविक हिस्सा दुसऱ्या रकान्याचा, आणि तो त्याच वर्षी संपला पाहिजे. मग पहिल्या पानावरील 'पन्नास' खोडून 'पंचावन्न' केले. आकडा लिहिताना हात किंचित थबकला, हे कबूल करतो. परंतु पाच वर्षे उशिरा येणाऱ्या निवृत्तीतील थोडी थोडी निवृत्ती आम्हांस दर वर्षी मिळणार होती : वेळ अमावास्येस तारीख घ्यावयाची नाही, हे त्यातील पहिले कलम.

काशी राहिली ती राहिलीच. त्या दाव्याची मुदत टळली. त्याऐवजी आम्ही आईस गाडीने गाणगापुरास नेले. भीमा-अमरजेच्या संगमावर, काठाच्या जरा अलीकडे खुर्ची मांडून तिला बसविले. मुलांनी तांब्यांनी पाणी आणून तिच्या पायांवर घातले. धाकटीने भलतेच घातले आणि आजीचे पातळ भिजवून टाकले. आई हसली, म्हणाली, "पुरे ग, मी काय बुडी मारलीय का?" मग आमच्याकडे वळून तिने विचारले, "येळवसला सुट्टी काढली आहेस ना? कोपीपाशी मला खुर्ची लागेल."

सुट्टी काढली आहे. खुर्चीही शेतावर पोहोचती केली आहे.