जक्कयाने हिशोब कधी केला?

आमच्या मंडळीत सगळ्यांत जास्त वेळा बोललं जाणारं वाक्य कुठलं असेल, तर "प्रभूच्या कृपेने सगळं छान आहे". उपासना सुटली की चर्चच्या आवारात सलाम होतात आणि लगेच हे वाक्य. कुणाचा मुलगा वर्षभर घरी बसलाय, कुणाचे हप्ते थकलेत, कुणा नवराबायकोचं बोलणं बंद आहे... पण सगळं छान! वाक्यात 'कृपा' आहे खरी. पण कृपेवर खरोखर भरवसा असता, तर असं वाक्य पुढे करायची वेळच आली नसती, असं मला हल्ली वाटायला लागलंय.

तुम्ही म्हणाल, असं सगळेच करतात. करतात की. पण बाकीचे लोक दर रविवारी उभं राहून 'आम्ही पापी आहोत' असं मोठ्याने म्हणत नाहीत. आम्ही म्हणतो. अनेकवचनात ते सोपं जातं. एकवचनात, घरातलं माणूस डोळ्यांसमोर आणून, फार अवघड.

संडे स्कूलमध्ये दहा आज्ञा पाठ करून घेतात. खोटी साक्ष देऊ नये ही आमच्या मोजणीने नववी (कॅथलिकांची आठवी). आज्ञेबद्दल तक्रार नाही. पण शिक्षेच्या भीतीने माणूस खरं बोलतो ते विचारलं तेवढंच. पुढचं गिळून टाकतो.

म्हणून मला लूकच्या शुभवर्तमानातला जक्कय फार आवडतो. 19वा अध्याय. यरीहोचा मुख्य जकातदार, पैसेवाला, बुटका, येशूला बघायला उंबरावर चढलेला. येशू त्याला हिशोब विचारत नाही. तुझ्या घरी उतरणार आहे म्हणून सांगतो. लोक कुरकुरतात, पापी माणसाकडे पाहुणा गेला म्हणून. आणि मग जक्कय बोलतो: निम्मी मालमत्ता गरिबांना, आणि ज्याला लुबाडलं त्याला चौपट. आता गंमत बघा. नियमशास्त्रात आपणहून कबूल करणाऱ्याने मुद्दल आणि वर पाचवा हिस्सा दिला की भागतं. लेवीय आणि गणना, दोन्हीकडे तसंच आहे. चौपट भरायचं ते मेंढरू चोरून कापलं किंवा विकलं तर. म्हणजे शंभराला 120 पुरत होते, हा 400 द्यायला निघाला! आणि पाहुणा घरी आल्यावर. आधी नाही.

उलट हनन्या आणि सप्पीरा. मालमत्ता विकली, थोडे पैसे मागे ठेवले आणि सगळे आणले असं भासवलं. पेत्र तर स्पष्टच म्हणतो की जमीनही तुमची होती आणि पैसेही तुमचेच. कुणी मागितलेच नव्हते. मग खोटं कशाला? मंडळीत बरं दिसावं म्हणून. ही गोष्ट पैशांची म्हणून सांगतात. मला ती 'सगळं छान आहे'ची वाटते.

माझ्या एका मावशीचा मुलगा चार वर्षं 'पुण्याला नोकरीला' होता. गेल्या पावसाळ्यात बुधवारच्या प्रार्थनासभेत ती उभी राहिली आणि म्हणाली, "तो नोकरीला नाही. व्यसनमुक्ती केंद्रात आहे, तिसऱ्यांदा. त्याच्यासाठी प्रार्थना करा. आणि माझ्यासाठी, मी तुमच्याशी खोटं बोलत आले." कुणी काही बोलेना. मग मागच्या बाकावरचे एक काका हळूच म्हणाले, "आमचाही."

(मावशी आणि मावसभाऊ दोघांना विचारूनच लिहितोय. नातेवाईकांनी कृपया फोन करू नयेत.)

नंतर सगळं गोड झालं असं काही नाही. दोन घरांनी येणंजाणं कमी केलं. मावसभाऊ तर भडकलाच. म्हणाला, आजार माझा, मला न विचारता चारचौघांत का सांगितलास? आणि त्याचं चुकलं असं मला म्हणवत नाही. स्वतःचं खोटं मोडताना दुसऱ्याचं गुपित उघडं पडतं, त्यावर माझ्याकडे उत्तर नाही. लक्ष्मीबाई टिळकांनी 'स्मृतिचित्रे'त टिळकांचा संताप आणि विक्षिप्तपणा लिहिला तसं स्वतःचं सोवळंओवळंही लिहिलं. म्हणून ते सलत नाही. मावशीनेही स्वतःला वगळलं नव्हतं, एवढं मात्र मी त्याला म्हटलं. तो काही बोलला नाही.

मावशीला मी विचारलं, भीती नाही वाटली? "अरे, देवाला सगळं ठाऊक होतं. त्याने काही मला घराबाहेर काढलं नाही. मग या बायकांना कशाला भ्यायचं?" आणि चहा गाळायला लागली.

मावसभाऊ जानेवारीत परत आलाय. आईशी बोलतो, पण मोजकंच. बुधवारची सभा पूर्वी नऊला सुटायची, आता साडेनऊ होतात. पाळकसाहेबांची त्यावरून थोडी कुरकुर चालू आहे.